तिसऱ्या ओळीतली बाई

दारातल्या माणसाच्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ होता आणि तो कोणासाठी आहे हे माझ्या ताईला पाहताक्षणीच कळलं. तिच्यासाठीच होता. फक्त तिच्या हातात द्यायचा नव्हता.

"कवी आहेत का घरात?" त्याने पायपुसण्यावर बूट घासत विचारलं.

"आंघोळीला गेलेत. बसा ना."

तो बसला नाही. भिंतींवरून नजर फिरवली, कॅलेंडर पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाईंचा फोटो दिसत नाही कुठे. त्याच्यापुढे ठेवावीत म्हटलं ही."

ताईनेही त्याच्याबरोबर सगळ्या भिंती पाहून घेतल्या. "नाही लावला," ती म्हणाली. "त्यांना बघवत नाही. द्या इकडे, मी पाण्यात ठेवते."

मी खिडकीशी पेपर उघडून बसलो होतो, तो आणखी उघडला, तोंड झाकेल इतका. खरं तर हसण्यासारखं त्यात आता काही उरलं नव्हतं. चाळीसेक वर्षं हेच चाललं होतं. पण सवय. ताईने मला आत हाक मारली आणि फळीवरची बरणी काढायला लावली. म्हणाली, या वेळचा माणूस बरा दिसतो, फुलं ताजी आहेत. मागचा एक प्लास्टिकची घेऊन आला होता, वर म्हणाला, ही कोमेजत नाहीत.

माझी बहीण जिवंत असताना लोक तिला फुलं वाहायला का येत, हे सांगायला हवं. मी सांगतोय म्हणजे थोडं तिखटमीठ लागणारच. ताईचा हिशेब असा, की मी सांगितलेल्यातलं निम्मं वजा करावं आणि उरलेलं चाळून घ्यावं. तसं करा.

भाऊजी वर्तमानपत्रात उपसंपादक होते, चौथ्या पानाचे. चौथं पान म्हणजे पेपरातली अडगळीची खोली. बाजारभाव, टेंडर नोटिसा, हरवले-सापडले आणि निधनवार्ता. मी त्याच छापखान्यात मशीनवर होतो. त्यांनीच लावून दिलं होतं. त्या काळी पानं शिशाच्या खिळ्यांनी जुळवायची. सगळा मजकूर बसवला की कुठे तरी खाली बोटभर जागा उरायचीच, आणि ती भरायला भाऊजींकडे माहितीचे तुकडे असत. जिराफाची जीभ किती लांब, मुंगी किती वजन उचलते. वर्षानुवर्षं त्यांनी जगातले सगळे प्राणी त्या बोटभर जागेत कोंबले. एके दिवशी प्राणी संपले.

रद्दीत एक परदेशी मासिक पडलं होतं, त्यात जपानमधल्या तीन ओळींच्या कवितेवर लेख होता. भाऊजींनी तो उभ्याउभ्याच वाचला. तीन ओळी! जिराफाच्या जिभेइतकीच जागा. त्यांनी बाहेर पाहिलं, दिव्याच्या खांबावर एक कावळा बसला होता, त्याच्यावर तीन ओळी लिहिल्या आणि टेंडर नोटिशीखाली लावून दिल्या. वर शब्द टाकला, हायकू. फोरमनने विचारलं, हे कुठलं औषध आहे.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं पोस्टकार्ड आलं. मग पोतं आलं. मी थाप मारत नाही, पोतंच. दंतवैद्य लिहू लागले, न्हावी लिहू लागले. चौकातला एक ट्रॅफिक पोलीस हायकू सुचला की शिट्टी वाजवायचा विसरायचा आणि चारी बाजूंच्या गाड्या त्याची तिसरी ओळ व्हायची वाट बघत उभ्या राहायच्या. एका न्यायाधीशाने म्हणे निकालपत्र तीन ओळींत दिलं. आरोपीने दाद दिली. या सगळ्यांना भाऊजी परत कार्ड टाकून शिकवायचे. एकच गोष्ट पाहा. पाहिलेली सांगा, वाटलेली नको. आणि 'मी' आणू नका, घरचं माणूस आणू नका.

हा नियम त्यांनी स्वतः एकदाच मोडला.

लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. दोघं कुठेसे भाड्याची खोली बघायला गेले होते, जाताना भांडत गेले, म्हणून प्रत्येकाच्या हातात आपापली छत्री. येताना पाऊस लागला. घरी आले तेव्हा एकच छत्री उघडलेली होती. ताईचं म्हणणं, तिच्या छत्रीची कळ अडकली होती, एवढंच. बाकी काही नाही. भाऊजींनी छत्र्या दाराशी टेकवल्या आणि कपडे न बदलता लिहायला बसले:

दाराशी छत्र्या
दोन, ओली एकच —
दोघे कोरडे.

ताईने वाचून पहिल्यांदा काय म्हणावं? म्हणाली, "कोरडे कसले! माझा डावा खांदा चिंब आहे." पण त्या दिवशी तिने ती कविता मला दोनदा म्हणून दाखवली. मी तिचा धाकटा भाऊ, तिला ओळखतो. ती कोणाला काही दोनदा सांगणारी बाई नाही.

कविता छापायला गेली. जागा मिळाली निधनवार्तांच्या अगदी खाली. पान जुळलं, आवळलं, आणि तेवढ्यात कोणी एक पेन्शनर वारल्याची खबर आली. त्याच्या नावाला एक ओळ कमी पडत होती. आता छापखान्यात एक शिस्त असते, मजकूर कापायचा तर खालून कापायचा, कारण बातमीत महत्त्वाचं सगळं वर असतं. फोरमन जन्मभर तसाच कापत आला होता. त्याने चिमटा घातला, 'दोघे कोरडे' उचलून बाजूला ठेवलं आणि पेन्शनरला आत घेतलं. सकाळी भाऊजी पेपर हातात घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, एवढं महत्त्वाचं होतं तर वर लिहायचं ना."

तर पेपरात आलं ते असं. वर मृतांची नावं, खाली दाराशी दोन छत्र्या, ओली एकच. बस.

तुम्हीच वाचून बघा.

त्या आठवड्यात आलेली पोस्टकार्डं ओली होती. हे मात्र वजा करू नका, शाई फुटलेली मी पाहिलीत. लोकांनी लिहिलं होतं, दुसरी छत्री आता कायमची कोरडी राहणार, आम्ही समजू शकतो. लिहिलं होतं, इतक्या तरुण वयात! मनीऑर्डरीही आल्या, त्या परत पाठवता पाठवता भाऊजींच्या नाकी नऊ आले. भाचीला पुढे शाळेत बाईंनी पोटाशी धरलं, तर पोर घरी येऊन आईला चिमटे काढून बघू लागली. एका वाचकाने आपल्या मामेबहिणीचं स्थळही सुचवलं. ते पत्र ताईने दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाली, "मुलगी चांगली वाटते. शिवण येतं म्हणतायत. बघून तरी या."

भाऊजी चूक दुरुस्त करायला संपादकांकडे गेले होते. संपादकांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. म्हणाले, आजवर चौथ्या पानासाठी कोणी पेपर घेतला नव्हता, या महिन्यात खप वाढलाय. शुद्धिपत्रक काढायचं तर काय लिहायचं, 'कवीची पत्नी जिवंत असल्याचे कळवण्यास खेद वाटतो'? भाऊजी इतक्या वर्षांनंतरही कच्च्याच नोकरीत होते. पुढच्या महिन्यात पक्के झाले. मग त्या दोन ओळी शाळेच्या पुस्तकात गेल्या, एका प्राध्यापकाने 'न लिहिलेली ओळ' या विषयावर जाडजूड प्रबंध लिहून पदवी मिळवली, शोकपत्रिकांवर छत्र्यांची चित्रं छापू लागले. दर वेळी भाऊजी म्हणत, पुढच्या आवृत्तीत घालू. दर वेळी प्रकाशक म्हणे, साहेब, लोक मारतील.

भाऊजी वाईट नव्हते. दमलेले होते. एवढ्या लोकांना हायकू शिकवला, आणि त्यातल्या निम्म्यांनी छत्र्यांवरच लिहिला. ओली छत्री, फाटकी छत्री, बसमध्ये विसरलेली छत्री. ते सगळं वाचायचं, सगळ्यांना उत्तर द्यायचं. रिटायर झाल्यावर तरी सुटतील असं वाटलं होतं, तर उलट पोस्टमन आता घरीच यायला लागला. सकाळी चष्मा लावून बसत आणि जेवायच्या वेळी उठत. स्वतःची शेवटची ओळ कधी लिहिली, ते त्यांना आठवत नव्हतं. मला एकदा म्हणाले, "मेव्हणे, मी वाऱ्यासाठी खिडकी उघडली रे. सगळं गाव त्यातूनच आत आलं."

आणि ताईही मरून मरून कंटाळली होती. लोकांशी ती बरी वागायची. येणाऱ्याला वाटायचं ही कवींची बहीण असेल किंवा घर सांभाळणारी बाई असेल, ती तसंच वाटू द्यायची. पण रात्री ताट वाढताना ऐकवायची. भाजी खारट झाली म्हणू नका, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. असं हसत हसत. मग यंदा भाऊजींचा समग्र संग्रह निघायचं ठरलं, आणि ती हसली नाही. तिने प्रकाशकाला स्वतः फोन केला. मी तिथेच होतो. म्हणाली, "मी बोलतेय. हो, तीच. या पुस्तकात मला तिसऱ्या ओळीत घ्यायचं, नाही तर पुस्तक काढायचं नाही. यापुढची आवृत्ती बघायला मी खरोखरच नसेन."

प्रकाशक महिनाभर हातापाया पडला. मग घातली. पुस्तकाची प्रुफं आदल्या दिवशी घरी आली होती, आणि त्या पानावर तिन्ही ओळी होत्या. ताईने ते पान वेगळं काढून टेबलावर ठेवलं होतं, येता-जाता दिसेल असं. भाऊजींनी सही करून परत पाठवायचं, एवढंच बाकी होतं. आणि तेवढ्यात हा गुच्छवाला.

तो कुलुपवाला निघाला. चाव्या करून द्यायचा. बोटांची टोकं काळी, आणि बोलताना एक हात खिशात, किणकिण वाजत राहणारा. ताईने त्याला चहा दिला. भाऊजींना आंघोळीला वेळ लागतो, आता तर फारच, म्हणून तो तिच्याशीच बोलत बसला. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. भेटायला येणारे म्हणायचे, वेळ जाईल तसं बरं वाटेल, देवाची मर्जी, मन रमवा. तो म्हणाला, माणसं चांगली होती, पण ती बोलायला लागली की मला उठून जावंसं वाटायचं. दुकान बंदच ठेवलं होतं. एकदा कोणी तरी चाव्यांचा जुडगा कागदात गुंडाळून आणला, तो कागद उलगडला तर त्यात या दोन ओळी.

"मी तिथे पायरीवर बसलो," तो म्हणाला. "कोणीतरी मला काही सांगत नव्हतं, बाई. नुसतं दाखवत होतं. आमच्या घरी तिचा कप तसाच आहे कपाटात. माझा रोज विसळायचा, तिचा कोरडा. मला वाटायचं हे माझं एकट्याचं खूळ आहे."

ताईने त्याचा कप पुन्हा भरला.

"तो कागद मी चाव्यांच्या फळीवर चिकटवला आणि दुकान उघडलं. गिऱ्हाईक चावी होईपर्यंत वाचतं. एक मास्तर आले होते, म्हणाले, हायकूला तीन ओळी असतात, ही अर्धवट आहे. मी म्हटलं, असतील तीन. ज्यांची बायको घरी आहे त्यांना असतील."

हे तो काही टोचून बोलला नाही. त्याला कोणाला टोचायचं नव्हतंच. चहाचा कप त्याने स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला. भाऊजी अजून बाहेर आले नव्हते, पण त्याला दुकान उघडायचं होतं. म्हणाला, भेट नाही झाली तरी चालेल, फुलं ठेवली ना, मग झालं. दारात थांबून त्याने आमच्या कुलपाकडे पाहिलं, जरा हलवून बघितलं, म्हणाला, तेल घाला याला. आणि गेला.

ताईने दार लावलं. मग टेबलाशी गेली, पान घेतलं, भाऊजींची पेन्सिल घेतली. मला वाटलं काही दुरुस्ती असेल. तिने तिसऱ्या ओळीवरून एक रेघ मारली. सरळ, शिवणाच्या टाक्यासारखी.

भाऊजी टॉवेल खांद्यावर घेऊन आले तेव्हा ते पान तिने त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा शोधला, लावला, पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"मी केलं."

"अगं, चाळीस वर्षं भांडलीस तू यासाठी."

"भांडले ना. झालं भांडून." ती फुलांची बरणी सारखी करत होती. "आत्ता एक माणूस येऊन गेला. त्याच्या घरात दोघे कोरडे कुठून आणायचे सांगा मला. त्याची तेवढीच आहे कविता. त्याला जाऊन आता सांगायचं का, की तसं काही नव्हतं हो, आमची बाई मजेत होती?"

भाऊजी खुर्चीत बसले. केसांतून पाणी गळत होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मी पेपर खाली ठेवला. माझ्याने तरी तेव्हा काही चेष्टा झाली नसती.

"मला हवी आहे ती ओळ," ते म्हणाले. त्यांनी काही हवं म्हटलेलं मी क्वचितच ऐकलंय. "बाकी सगळं लोकांनी म्हटलं म्हणून लिहिलं, जागा भरायला लिहिलं. ही एकच मी लिहिली."

"माहीत आहे."

"तुझी कळ अडकली नव्हती त्या दिवशी."

ताईने वर पाहिलं.

"तू आत गेल्यावर मी दाबून पाहिली होती," भाऊजी म्हणाले. "फटकन उघडली."

एवढी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. ताईच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही, आणि थाप मारायची इच्छा नाही. तिने टॉवेल त्यांच्या खांद्यावरून घेतला आणि त्यांचं डोकं पुसायला लागली, जरा जोरातच, लहान मुलाचं पुसतात तसं.

"मग झालं तर," ती पुसता पुसता म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. या पेपरवाल्यालाही माहीत आहे, तो काय गप्प बसणार आहे! पुरे झाली एवढी माणसं. करा सही."

भाऊजींनी पेन्सिलीची रेघ पाहिली, मग पेन उघडून त्याच रेघेवरून शाईची ओढली. सही केली. पेनाला टोपण लावलं.

संग्रह निघाला, तेव्हा दूरच्या शहरात मोठा कार्यक्रम झाला. आम्ही तिघं बसने गेलो. भाऊजींना स्टेजवर नेलं. ताई आणि मी प्रेक्षकांत, बऱ्याच मागे, कारण पुढच्या रांगा दंतवैद्यांनी आणि न्यायाधीशांनी भरल्या होत्या. भाषणं लांबत गेली. ताईने मधे विचारलं, यांना कोणी पाणी देतंय का, आणि मी मान उंच करून बघून सांगितलं, देतायत.

शेवटी भाऊजी माइकपाशी आले. आवाज बसलेला होता. त्यांनी दोन-चार हायकू वाचले, टाळ्या झाल्या. मग पुस्तक मिटून, न बघता, त्यांनी छत्र्यांच्या दोन ओळी म्हटल्या आणि थांबले.

कोणीच टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतला एक उभा राहिला, मग दुसरा, मग खुर्च्या करकरत गेल्या आणि सगळं सभागृह उभं राहिलं, माना खाली घालून. हे त्यांचं ठरलेलं असावं. भाऊजी स्टेजवर एकटेच मान वर करून होते. ते आमची रांग शोधत होते, पण माझी खात्री आहे, त्या अंतरावरून त्यांना काही दिसत नव्हतं.

ताईचे गुडघे धरतात. तिने पुढच्या खुर्चीची पाठ पकडली आणि उठली. सगळ्यांसारखी तिनेही मान खाली घातली.

तिच्या पलीकडे एक मध्यम वयाची बाई होती. तिचे डोळे भरले होते आणि नाक पुसायला तिच्याकडे काही नव्हतं. ती ताईकडे किंचित वाकून कुजबुजली, "तुम्ही ओळखायचात का हो त्यांच्या मिसेसना?"

"थोडंफार," ताई म्हणाली.

"कशा होत्या?"

ताईने जरा विचार केला. "फटकळ होती," ती म्हणाली. मग तिने पर्स उघडली, घडी न मोडलेला रुमाल काढला आणि त्या बाईच्या हातात दिला.